मॉस-टूमधलं इलेक्ट्रॉन-फोनॉन कपलिंग पहिल्यांदाच काढताय? जॉब टाकायच्या आधी हे वाचा

दरवर्षी विद्यापीठातून नाहीतर पाषाणच्या बाजूने कोणीतरी एमएस्सी प्रोजेक्टवाला येतोच आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, ईपीडब्ल्यूची चालणारी इनपुट फाईल आहे का?" आहे, देतो पण. पण फाईल कॉपी करून जॉब चालवला की आकडा येतो, आणि तो आकडा बरोबर की चूक हे कळायला काहीच मार्ग नसतो, कारण ईपीडब्ल्यू, म्हणजे हे इलेक्ट्रॉन-फोनॉन कपलिंग काढणारा प्रोग्रॅम, चुकीच्या इनपुटवर पण अगदी शहाण्यासारखं उत्तर छापतो. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी चहा प्यायला वेळ मिळेल.

आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे मी पुढे एवढी कटकट का करतोय ते कळेल. मॉलिब्डेनम डायसल्फाइड, लॅबमधे आम्ही नुसतं मॉस-टू म्हणतो, त्याच्या एका थरात रूम टेंपरेचरला इलेक्ट्रॉनची मोबिलिटी (विद्युतक्षेत्रात तो किती सहज पळतो ते) किती, फक्त फोनॉनमुळे, म्हणजे अणूंच्या कंपनांमुळे, अडवली गेली तर? २०१२ मधे कास्बियर्ग आणि मंडळींनी काढली साधारण ४१०. २०१३ मधे दुसऱ्या एका ग्रुपने काढली साधारण १३०, एकक तेच, सेंटीमीटर वर्ग प्रति व्होल्ट-सेकंद. मटेरियल तेच, तापमान तेच, दोघंही फर्स्ट-प्रिन्सिपल्सवाले (थेट क्वांटम समीकरणांवरून काढणारे), आणि फरक तिप्पट. मोठं कारण काय होतं, तर कंडक्शन बँडमधे के पॉइंटच्या दरीशिवाय (दरी म्हणजे ऊर्जेचा खड्डा; के, गॅमा ही इलेक्ट्रॉनच्या संवेगाच्या नकाशातल्या ठराविक जागांची नावं) गॅमा आणि केच्या मधोमध क्यू नावाची अजून एक दरी आहे, ती किती वर आहे यावर सगळं अवलंबून असतं. ती खाली आली की इलेक्ट्रॉनला उडी मारून पडायला जास्त जागा मिळतात, विखुरणं वाढतं, मोबिलिटी पडते. म्हणजे कपलिंगचा कोड लिहायच्या कितीतरी आधी, साध्या बँड स्ट्रक्चरमधेच निकाल लागलेला असतो. हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

नक्की काढायचं काय असतं

थरांचं मटेरियल म्हणजे कॅम्पातल्या बेकरीतली खारी समजा, थराच्या आत घट्ट, दोन थरांमधे ढिलं, बोटाने पापुद्रा सुटतो. भोसरीच्या वर्कशॉपमधे काळं मॉली ग्रीस लावतात ना, त्यात हेच मॉस-टू असतं, थर एकमेकांवर घसरतात म्हणून ते वंगण. एका थरात मधे मॉलिब्डेनम आणि वर-खाली सल्फर, युनिट सेलमधे तीन अणू. तीन अणू म्हणजे कंपनाच्या नऊ शाखा, त्यातल्या तीन अकूस्टिक, सहा ऑप्टिकल. बल्कमधे, म्हणजे जाड तुकड्यात, सेलमधे दोन थर येतात म्हणून सहा अणू, अठरा शाखा.

आता अणू हलले की इलेक्ट्रॉनला दिसणारं पोटेन्शियल बदलतं. एका फोनॉनमुळे झालेला तो बदल इलेक्ट्रॉनला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत किती जोराने ढकलतो, तो आकडा म्हणजे जी, मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टमधे येतो. इलेक्ट्रॉनचा संवेग के, फोनॉनचा क्यू (हा क्यू वेगळा, दरीवाला वेगळा, नावं ठेवणाऱ्यांना काय बोलायचं), दोन बँड आणि एक शाखा, एवढ्या सगळ्यावर जी अवलंबून असतो. तुम्हाला तो लाखो के-क्यू जोड्यांवर हवा असतो आणि थेट काढता येतो जेमतेम काही डझनांवर. मधली फट वॅनिअर फंक्शनने (अणूंजवळ बसलेल्या मोजक्या फंक्शनांत बँड मांडून) भरायची, ही सगळ्या धंद्याची युक्ती, २००७ मधे जुस्तिनो, कोहेन आणि लुई यांनी मांडली आणि त्यातूनच ईपीडब्ल्यू आलं.

मशीन

शिकण्यासाठी घरचा आठ कोरचा लॅपटॉप चालतो, खरंच. तीन अणूंचा सेल आहे, एससीएफ (इलेक्ट्रॉनांची घनता जुळेपर्यंत फेऱ्या मारणारं पहिलं गणित) काही मिनिटांत होतं, फोनॉनला रात्र द्या. शेवटचं बारीक ग्रिडवालं काम मात्र क्लस्टरवरच करा. पुण्यात त्याबाबतीत आपण नशीबवान, १९९१ मधे सी-डॅकने परम ८००० इथेच बनवला आणि आता आयसरमधे परम ब्रह्म आहे, तुमच्या गाइडकडून अकाऊंट मिळतंय का विचारा. एक सूचना अनुभवाची: स्क्रॅच ही क्लस्टरवरची तात्पुरती जागा तुमची नसते. मी एका क्लस्टरवर (नाव नको) फोनॉनचं पंधरा दिवसांचं काम स्क्रॅचमधे ठेवून दिवाळीला गावी गेलो आणि परत आलो तर ऑटो-क्लीनअपने सगळं साफ, दिवाळीची साफसफाई त्यांनी पण केली. नियम लॉगिनच्या मेसेजमधेच लिहिला होता, मी वाचला नव्हता.

पहिली पायरी: स्ट्रक्चर, आणि इथे घाई नको

क्वांटम एस्प्रेसो घ्या, हा डीएफटीचा (इलेक्ट्रॉनांची घनता धरून क्वांटम गणित सोडवणारा) प्रोग्रॅम. स्यूडोपोटेन्शियल (आतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागी वापरायचं सोपं पोटेन्शियल) नॉर्म-कन्झर्व्हिंग घ्या, स्यूडो-डोजो या संग्रहातले चांगले आहेत, मॉलिब्डेनमचे ४एस ४पी सेमीकोर धरून १४ इलेक्ट्रॉन आणि सल्फरचे ६-६, एकूण २६. हा २६ आकडा लक्षात ठेवा, पुढे बँड मोजताना लागणार आहे. कटऑफ ८०-९० रिडबर्गपासून सुरू करून स्वतः कन्व्हर्जन्स बघा, के-ग्रिड १२ बाय १२ बाय १.

एक थर करताय तर सेल रिलॅक्स करताना फक्त एक्स-वाय दिशा मोकळ्या ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम तुमची व्हॅक्यूम पण आवळत बसतो. लॅटिस कॉन्स्टंट पीबीईने (डीएफटीतलं नेहमीचं अंदाजसूत्र) ३.१८ अँगस्ट्रॉमच्या आसपास येईल, प्रयोगात ३.१६ आहे. हा ०.०२ चा फरक बघून लोक म्हणतात "चलता है", पण वर म्हटलं ती क्यू दरी स्ट्रेनला भयंकर हळवी आहे, अर्धा-एक टक्का ताण दिला की के आणि क्यूमधलं अंतर चांगलंच हलतं. त्यामुळे कुठला लॅटिस कॉन्स्टंट वापरला ते पहिल्या दिवशी वहीत लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

बल्क किंवा दोन-तीन थर करताय तर साध्या पीबीईला थरांमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण कळतच नाही, थर लांब जातात. ग्रिमचं डी३ करेक्शन लावा आणि थरा-थरातलं अंतर ६.१५ अँगस्ट्रॉमच्या जवळ येतंय का बघा. पहिल्यांदाच करत असाल तर एकच थर करा बाबांनो, बल्कचा हट्ट नको.

आणि आता ज्या एका ओळीने माझे तीन आठवडे खाल्ले ती ओळ: असूम-आयसोलेटेड (assume_isolated) या कीवर्डला टू-डी द्या. एससीएफमधेच द्यायची, मग फोनॉनचा भाग आपोआप तेच धरतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने तुमचा थर एकटा नसतोच, वर-खाली त्याच्या अनंत कॉप्या असतात, आणि लांब तरंगलांबीच्या पोलर कंपनात त्या कॉप्या एकमेकींशी बोलत बसतात. ही ओळ कूलंब इंटरॅक्शन झेड दिशेला कापून टाकते. मी ती लिहिली नव्हती. व्हॅक्यूम १५ वरून २५ अँगस्ट्रॉम केल्यावर गॅमाजवळची एलओ (लांबीच्या दिशेने हलणारी ऑप्टिकल) शाखा हलली तेव्हा ट्यूब पेटली, कारण एकट्या थराला बाजूची पोकळी किती आहे याच्याशी काय घेणंदेणं? ही टेस्ट तुम्ही पण करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरी पायरी: बँड बघा, डोळ्यांनी बघा

एका थरात गॅप डायरेक्ट आणि के पॉइंटवर आला पाहिजे, हे २०१० मधे प्रयोगातून दिसलं, बल्कमधे इनडायरेक्ट असतो, १.२९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. पीबीईने एका थराला १.७ च्या खालीवर काहीतरी येईल आणि प्रयोगातला प्रकाश १.८-१.९ ला दिसतो, ते बघून "वा, जवळच आलं की" म्हणू नका. खरा क्वासिपार्टिकल गॅप याहून बराच मोठा आहे आणि एक्सायटॉनच्या (इलेक्ट्रॉन-होल जोडीच्या) बंधनऊर्जेने तो खाली ओढलाय, दोन चुका एकमेकींना पूरक ठरल्यात एवढंच. मोबिलिटीसाठी गॅपची किंमत फारशी लागत नाही, कडांचा आकार लागतो.

म्हणून तीन आकडे काढून वहीत लिहा: के दरीतलं इफेक्टिव्ह मास (इलेक्ट्रॉनचं साधारण ०.४८ येतं, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या पटीत), के आणि क्यूमधलं ऊर्जेचं अंतर, आणि स्पिन-ऑर्बिट लावलं तर व्हॅलन्स बँडचं केला होणारं विभाजन, जे १५० मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. कंडक्शन बँडचं विभाजन केला अगदी किरकोळ असतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनसाठी पहिली राउंड स्पिन-ऑर्बिटशिवाय चालते. होलसाठी नाही चालत, तिथे तो दीडशेचा फरक म्हणजे अख्खी एक वाट बंद होणं आहे.

तिसरी पायरी: फोनॉन

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जावा. क्यू-ग्रिड ६ बाय ६ बाय १, सिमेट्रीमुळे ३६ पैकी ७ च क्यू प्रत्यक्ष काढावे लागतात. सेल्फ-कन्सिस्टन्सीचा थ्रेशोल्ड कडक ठेवा, १० चा उणे १६ वा घात वगैरे, एससीएफचा पण तसाच कडक. पोटेन्शियलचा बदल फाईलमधे लिहायला सांगायला विसरू नका, डीव्हीएससीएफ म्हणतात ती फाईल, ती नसेल तर फोनॉन छान मिळतील पण कपलिंगसाठी सगळं परत. डायइलेक्ट्रिक आणि बॉर्न चार्ज (अणू हलला की किती विद्युतभार हलतो ते) पण इथेच काढायचे.

मग डिस्पर्शन काढा आणि चार गोष्टी तपासा.

रामन मोड: थरातल्या थरात हलणारा मोड ३८५ सेंटीमीटर-इन्व्हर्सजवळ, सल्फर वर-खाली हलतात तो ४०५ जवळ. एका थरात या दोघांतलं अंतर १८-१९ असतं आणि बल्ककडे जाताना २५ पर्यंत वाढतं, प्रयोगवाले यावरूनच थर मोजतात. पीबीईने दोन्ही थोडे खाली येतील, सात-आठने खाली असतील तर झोप उडवून घेऊ नका, तीसने खाली असतील तर घ्या. (८.०६६ ने भागलं की मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, म्हणजे हे दोन्ही ४८-५० च्या घरात.)

दुसरं, थराच्या बाहेर लाटेसारखी हलणारी झेडए शाखा गॅमाजवळ क्यूच्या वर्गाने चढते, सरळ रेषेत नाही. म्हणून तिथे ती इतकी चपटी असते की जरासा आकडेमोडीचा कचरा आला तरी ऋण फ्रिक्वेन्सी दिसते. गॅमाला चिकटून एक-दोन सेंटीमीटर-इन्व्हर्स ऋण असेल तर अकूस्टिक सम रूल (अख्खा थर सरकवला तर बल शून्य हवं ही अट) लावा, बहुतेक जातं. पण झोनच्या मधे किंवा एम पॉइंटला मोठी ऋण आली तर तो कचरा नाही, तुमचं स्ट्रक्चर किंवा के-ग्रिड बिघडलंय, मागे जा.

तिसरं, एलओ आणि टीओ (आडवी हलणारी ऑप्टिकल). बल्कमधे गॅमाला या दोघांत फट असते, एका थरात गॅमाला फट मिटते आणि एलओ तिथून तिरप्या रेषेत वर निघते. २०१७ मधे सोहिए आणि सहकाऱ्यांनी हे नीट दाखवलं. इंटरपोलेशन करताना टू-डी एलओ-टीओचा स्विच चालू करा, नाहीतर एससीएफमधे केलेलं पुण्य इथे वाया.

चौथं बल्कवाल्यांसाठी, थरावर थर घसरण्याचा मोड ३३ सेंटीमीटर-इन्व्हर्सजवळ असतो, तो दुप्पट किंवा निम्मा आला तर व्हॅन डर वाल्सची भानगड आहे.

चौथी पायरी: वॅनिअर, म्हणजे मोजामोजी

इथे नवीन मुलं गटांगळ्या खातात आणि खरं तर फक्त हिशोब आहे. २६ इलेक्ट्रॉन म्हणजे १३ भरलेले बँड. खालून पहिला मॉलिब्डेनम ४एस, मग तीन ४पी, मग सल्फरचे दोन ३एस, झाले सहा. उरलेले सात भरलेले बँड सल्फरच्या पी आणि मॉलिब्डेनमच्या डीची खिचडी, आणि त्यावर चार रिकामे डी बँड. सात अधिक चार, अकरा. आता ऑर्बिटल मोजा: पाच डी, आणि दोन सल्फरचे मिळून सहा पी, परत अकरा. जुळलं. म्हणजे खालचे १ ते ६ वगळा आणि पुढच्या अकरांना अकरा वॅनिअर फंक्शन द्या. स्पिन-ऑर्बिट असेल तर सगळं दुप्पट, बारा वगळा आणि बावीस घ्या. नुसतं "इंटरनेटवरच्या इनपुटमधे ११ होतं" म्हणून ११ टाकलं आणि तुमचं स्यूडोपोटेन्शियल सेमीकोरशिवायचं निघालं तर वगळायचे बँड बदलतात, आणि मग जे काय येतं ते बघून हसावं की रडावं कळत नाही.

के-ग्रिडची यादी सिमेट्री न वापरता पूर्ण द्यायची, आणि के-ग्रिड क्यू-ग्रिडच्या पटीत, १२ आणि ६ चालतं, १० आणि ६ नाही. वॅनिअरचे बँड थेट डीएफटीच्या बँडवर छापून बघा, कडांच्या आसपास एक रेघ दुसऱ्या रेघेखाली पूर्ण झाकली गेली पाहिजे. "जवळपास जुळतंय" म्हणजे जुळत नाहीये.

पाचवी पायरी: आता कुठे कपलिंग

फोनॉनच्या फाईली गोळा करायची पायथॉन स्क्रिप्ट ईपीडब्ल्यूबरोबरच येते, ती चालवून सेव्ह फोल्डर बनवा. एससीएफ, फोनॉन, वॅनिअर सगळं एकाच स्ट्रक्चरवर, एकाच स्यूडोपोटेन्शियलने, एकाच व्हर्जनने झालेलं हवं. मधेच "जरा अजून रिलॅक्स करतो" असं करायचं नाही.

पोलर स्विच चालू, टू-डी स्विच चालू. कारण फ्रोलिश कपलिंग, म्हणजे एलओ कंपनातून तयार होणारं विद्युतक्षेत्र, थ्री-डीमधे क्यू शून्याकडे गेला की एक भागिले क्यूने फुटतं, आणि टू-डीमधे फुटत नाही, एका मर्यादित किमतीवर जाऊन थांबतं. थ्री-डीचा फॉर्म्युला एका थराला लावला तर लहान क्यूला जी उगाच आभाळाला भिडतो.

मग लगेच मोबिलिटीकडे पळू नका. आधी डिके फाईली प्लॉट करा, हॅमिल्टोनियन, डायनॅमिकल मॅट्रिक्स आणि कपलिंग तिन्ही अंतराबरोबर झपाट्याने खाली गेले पाहिजेत, शेपटी सपाट राहिली तर ग्रिड लहान पडतंय. त्यानंतर ग्रिडमधे नसलेला एखादा क्यू घ्या, तिथे थेट फोनॉन काढून जी काढा आणि इंटरपोलेट केलेल्या जीशी जुळवा. डीजनरेट शाखा-बँडवर सरासरी घेऊनच तुलना करा, कारण सुट्या जीची फेज आणि वाटणी प्रत्येक रनला वेगळी असू शकते, त्यावरून एका मुलीने माझ्याशी दोन दिवस वाद घातला होता आणि शेवटी आम्ही दोघंही बरोबर होतो.

अजून एक फुकटातली टेस्ट. मॉस-टूच्या एका थराला मॉलिब्डेनमच्या प्रतलात आरसा आहे. झेडए कंपन आरशात उलटं दिसतं, पण के दरीतली इलेक्ट्रॉनची अवस्था आहे तशीच दिसते. म्हणून स्पिन-ऑर्बिटशिवाय, दरीतल्या दरीत झेडएचा जी शून्य आला पाहिजे. सल्फर वर-खाली एकमेकांविरुद्ध हलतात तो ४०५ वाला मोड मात्र आरशात तसाच राहतो, त्याला परवानगी आहे. झेडएचा जी शून्य नसेल तर थर रिलॅक्स करताना वाकडा झालाय किंवा शाखांची नावं चुकलीत.

सहावी पायरी: मोबिलिटी, आणि दोनच्या भागाकाराचा घोळ

बारीक ग्रिड शेकड्यात जातं, एका दिशेला १००, २००, ३०० करत मोबिलिटी हलायची थांबेपर्यंत. सगळे बँड नकोत, कडेपासून साधारण ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतचेच घ्या, वेळ वाचतो. आधी रिलॅक्सेशन-टाइमवालं सोपं उत्तर काढा, मग बोल्टझमनचं समीकरण पूर्ण इटरेट करून सोडवा, आणि कुठला आकडा कुठल्या पद्धतीचा ते लिहा.

घोळ असा की प्रोग्रॅम सेल्फ-एनर्जीचा इमॅजिनरी भाग छापतो, म्हणजे रुंदीच्या अर्धा. इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचं आयुष्य काढताना ६५८ ला (फेमटोसेकंद गुणिले मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) त्याच्या दुप्पटने भागायचं. ५ छापलं तर पूर्ण रुंदी १० आणि आयुष्य साधारण ६६ फेमटोसेकंद. दुप्पट विसरलात तर मोबिलिटी पण दुप्पट, आणि दुप्पट मोबिलिटी कोणालाच खटकत नाही कारण सगळ्यांना ती आवडते.

पाठीमागे कागदावरचा हिशोब ठेवा: मास ०.४८ आणि आयुष्य १०० फेमटोसेकंद असेल तर मोबिलिटी साधारण ३६६, ५० असेल तर १८३. तुमच्या कोडचं उत्तर या गावात नसेल तर काहीतरी फिसकटलंय. तापमान पण असंच तपासा. ३०० केल्विनला ४८ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऑप्टिकल फोनॉनची संख्या ०.१९ च्या आत असते, ७७ केल्विनला ०.०००७, म्हणजे जवळपास संपतातच, तर ३ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे अकूस्टिक ३०० ला आठच्या आसपास असतात. त्यामुळे थंड करत गेलात तर उत्तर अकूस्टिकच्या हातात जायला हवं, ७७ ला पण एलओच मोठा वाटा खात असेल तर तापमान बदललंच गेलं नाहीये, इनपुट बघा.

आणि आकडा आल्यावर शाखेप्रमाणे आणि दरीप्रमाणे वाटणी छापा. केमधल्या केमधे किती, के ते के-प्राइम (केची जुळी दरी) किती, के ते क्यू किती. मग पहिल्या आठवड्यात वहीत लिहिलेलं के-क्यूचं अंतर काढा आणि क्यू दरी मुद्दाम ५० मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर आणि ५० खाली गेली तर मोबिलिटी किती हलते ते बघा, लॅटिस कॉन्स्टंट जरासा कमी-जास्त करून परत चालवलं की होतं, फोनॉनसकट सगळं परत करावं लागतं ते मान्य. गाइडला एक आकडा नाही, ही रेंज दाखवा.

इनपुट फाईल अजूनही हवी असेल तर या, देतो, फक्त वही घेऊन या.